बाळ तिच्या नावाचं, ती दाराबाहेर

आमच्या एसएनसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष कक्षात, बाळाला स्वतःचं नाव नसतं. बारशाला अवकाश असतो. कित्येकांना तर जगात येऊन दोन तासही झालेले नसतात. म्हणून पायाला बांधायच्या पट्टीवर, वॉर्मरला चिकटवलेल्या कागदावर, केसपेपरवर, रक्ताच्या बाटलीवर आम्ही आईचं नाव लिहितो. बेबी ऑफ सुनीता. बेबी ऑफ रुक्साना. जुळी असली तर पुढे एक, दोन. माझ्या हाताखालच्या सिस्टर बाळांना त्याच नावाने ओळखायच्या. ‘सुनीताने दूध ओकलंय’, ‘रुक्सानाची शुगर कमी आलीय’. आणि खरी सुनीता त्या वेळी दाराबाहेरच्या पायरीवर, मांडीत पिशवी घेऊन बसलेली. तिला आत यायची परवानगी नाही.

यात काही विचित्र आहे हे कळायला मला बरीच वर्षं लागली. ते दार बंद ठेवणाऱ्यांत मीही होते.

मी परिचारिका. 31 वर्षं सरकारी नोकरी करून 2021 च्या मे महिन्यात मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झाले. शेवटची अकरा वर्षं या कक्षात गेली. लोक त्याला ‘काच’ म्हणतात. ‘लेकरू काचेत ठेवलंय’, असं गावी फोनवर सांगतात. खरं तर बाळ काचेत नसतं. उघडा पाळणा असतो, डोक्यावर हीटर, पोटावर चिकटवलेली तापमानाची वायर. काच असते ती फक्त दाराला, पाटीएवढी. त्या काचेवर रोज दुपारपर्यंत कपाळांचे तेलकट डाग पडायचे आणि रोज सकाळी मावशी ते पुसायची.

एका बाईचं सांगते. ऊसतोडीच्या टोळीतली होती. फडातच कळा सुरू झाल्या, ग्रामीण रुग्णालयात बाळंत झाली. आठवा लागून थोडेच दिवस झालेले, बाळ 1 किलो 180 ग्रॅम. गाडीतून आमच्याकडे आलं तेव्हा ओल्या दुपट्यात होतं आणि पोटाला हात लावला तर पोटही गार. पोट कोमट आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजतेय, एवढंच समजायचं. पोटही गार असेल तर गोष्ट पुढे गेलेली असते. तरी ते सावरलं. तिसऱ्या दिवशी नळीतून दोन-दोन मिली दूध पचवायला लागलं.

आई दर दोन तासांनी दूध काढून आणायची. स्टीलची वाटी, वर पदर धरलेला. दार किलकिलं करून आम्ही वाटी घ्यायचो, दार लावायचो. ‘कसंय?’ असं विचारायची, आम्ही ‘बरंय’ म्हणायचो. पाच दिवस हाच आमचा संवाद. सहाव्या रात्री, पहाटे चारच्या सुमाराला, ते बाळ श्वास घ्यायचं विसरलं.

विसरलं हाच शब्द बरोबर आहे. कमी दिवसांच्या बाळाच्या मेंदूत श्वासाची घडी अजून नीट बसलेली नसते. मध्येच थांबतं. वीस सेकंद, तीस सेकंद. मग नाडी उतरते, ओठ काळेनिळे पडतात. त्यावर औषध आहे, तुमच्या चहा-कॉफीत असतं तेच कॅफिन आम्ही मोजून देतो. पण त्या क्षणाला लागतो तो हात. तळपायावर टिचकी मारली, पाठीवरून बोटं फिरवली, की बहुतेक बाळं दचकून पुन्हा श्वास घेतात. वेळेत हात पोचला पाहिजे, इतकंच.

त्या रात्री आत एकोणीस बाळं होती आणि आम्ही दोघी. दुसरी सिस्टर सिझरच्या बाळाला घ्यायला ऑपरेशन थिएटरला गेलेली. मी एका बाळाला सलाइनसाठी शीर शोधत होते. मॉनिटर वाजला असणार. पण त्या खोलीत सतत काही ना काही वाजतच असतं. एकाची वायर निघालेली, दुसऱ्याचा सिरिंज पंप संपलेला. मी वळले तेव्हा उशीर झाला होता. पंचवीस मिनिटं आम्ही प्रयत्न केले.

सकाळी बाळ पांढऱ्या कापडात गुंडाळून आईच्या हातात दिलं. सहा दिवसांत पहिल्यांदा. तिने रडण्याआधी कापडाच्या आत हात घालून पाय चाचपले आणि मला म्हणाली, ‘पाय लई गार पडलेत, सिस्टर. मोजे नव्हते का घातले?’

मृत्यूच्या कारणात आम्ही ‘कमी दिवसांचं, कमी वजनाचं बाळ’ असं लिहिलं. ते खोटं नव्हतं.

आता हिशेब सांगते. सरकारच्याच मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एसएनसीयूत प्रत्येक पाळीला तीन ते चार बाळांमागे एक सिस्टर हवी. रात्रपाळी आमच्याकडे आठ ते आठ, बारा तासांची. वीस बाळं, दर दोन तासांनी दूध, म्हणजे रात्रीत 120 वेळा पाजणं. प्रत्येक बाळाला हात लावण्याआधी नीट हात धुवायचे तर चाळीस सेकंद धरा. ही झाली 80 मिनिटं, फक्त हात धुण्याची, तीही फक्त दुधापुरती. इंजेक्शनं, लंगोट, नवीन दाखल होणारं बाळ, निळ्या दिव्याखालच्या बाळाची डोळ्यांची पट्टी, रजिस्टरं आणि संगणकावरची एंट्री वेगळी. दोघीजणी हे सगळं नियमाने करू शकतात असं ज्याला वाटतं त्याने एक रात्र येऊन बसावं. चहा मी पाजते.

मग हात धुणं कुठे कमी होतं हे सांगायला नको. आणि जंतू तिथूनच जातो. आईला बाहेर ठेवायचं कारण म्हणून आम्ही वर्षानुवर्षं एकच सांगत आलो: ‘इन्फेक्शन होईल.’ दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांचा एक मोठा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. बाळांच्या रक्तात सापडलेल्या जंतूंत अॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला ही मंडळी पुढे होती, आणि त्यातले बरेच असे, की भारीतल्या अँटिबायोटिकलाही जुमानत नाहीत. हे असे जंतू सुनीताच्या पदरात कमी आणि आमच्या बेसिनच्या नळावर, सक्शनच्या नळीत, एका पाळण्यावरून दुसऱ्या पाळण्याकडे जाणाऱ्या आमच्या हातांवर जास्त असतात. आई एकाच बाळाला हात लावते. मी वीस बाळांना लावते. मग जास्त धोक्याची कोण?

हे मला सुचलेलं शहाणपण नव्हे. मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी नवजात बाळांचा विभाग चालवताना हेच केलं. माणसं कमी पडत होती, बाळं जंतुसंसर्गाने जात होती. त्यांनी आयांना काळजीत ओढलं, वरचं दूध बंद करून आईच्याच दुधावर भर दिला. ज्यांच्या आईला दूध पुरत नाही त्यांच्यासाठी 1989 मध्ये तिथे मातृदुग्ध पेढी सुरू झाली, आशियातली पहिली. त्याच्या सुमारे दहा वर्षं आधी कोलंबियात, बोगोटा शहरात, डॉ. एडगार रे यांच्यासमोर हीच अडचण होती. इन्क्युबेटरच्या पेट्या कमी, एका पेटीत दोन-दोन बाळं, संसर्ग. त्यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीवर बांधली. आपण त्याला कांगारू म्हणतो. वॉर्डात ते क्रियापदच झालंय: ‘बाई, आज कांगारू केलं का?’

इथे आमची एक चलाखी सांगायला हवी. कांगारू आम्हीही करायचो. पण केव्हा? बाळ धोक्याबाहेर आलं, नळ्या निघाल्या, वजन वाढायला लागलं की मग. दिवसातून एक-दोन तास, डॉक्टरांचा राउंड नसताना. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज त्याला नाहीच. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि आपलं दिल्लीचं सफदरजंग अशी पाच रुग्णालयं, एक किलो ते 1 किलो 799 ग्रॅम वजनाची 3,211 बाळं. निम्म्यांना नेहमीप्रमाणे आधी वॉर्मरवर ठेवून स्थिरावल्यावर कांगारू दिलं, निम्म्यांना जन्मल्यापासूनच आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या बाईच्या छातीवर, आईची खाट कक्षाच्या आतच. पहिल्या 28 दिवसांत नेहमीच्या पद्धतीत शंभरातली साधारण सोळा बाळं गेली. आई आत होती तिथे बारा. फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी मध्येच थांबवावी लागली. आणि संसर्ग? आई आत असलेल्या गटात तोही कमीच निघाला. पुढच्या वर्षी संघटनेने सल्लाच बदलला: कांगारू जन्मानंतर लगेच. आपल्या केंद्र सरकारनेही माता आणि नवजात यांचा एकत्र कक्ष कसा करावा याच्या सूचना काढल्या आहेत. आमच्याकडे कांगारूच्या आधीच्या सरकारी सूचनांची छान गुळगुळीत कागदाची पुस्तिका आली होती. मी ती स्वतः कपाटात ठेवली.

म्हणजे अज्ञानाचा प्रश्न उरलेला नाही. महाराष्ट्र तसा मागासही नाही. 2020 च्या नमुना नोंदणीच्या आकड्यांत देशात हजार जन्मांमागे 20 नवजात जात होते, आपल्याकडे 11. केरळात मात्र 4. आणि याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांतल्या साध्या बायकांना शिकवून नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आणून दाखवले, ते 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. गावातली बाई झोपडीत बाळाचा श्वास मोजायला शिकते. मग जिल्हा रुग्णालयात आलेली आई तो मोजू शकणार नाही असं आपण कशावरून ठरवलं?

बातमी मात्र वेगळ्याच गोष्टीची होते. 9 जानेवारी 2021 ची सकाळ मला अजून आठवते. मी चार्ज घेत होते आणि कुणीतरी मोबाईल पुढे केला. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत मध्यरात्रीनंतर आग. सतरा बाळांपैकी दहा गेली. आम्ही सगळ्या न बोलता भिंतीवरचे सॉकेट बघायला लागलो. एका वॉर्मरचा प्लग जरा पिवळा पडलेला होता. मी तो वॉर्मर बंद करून बाळ दुसऱ्यावर हलवलं, तिथे आता दोन झाली. चौकशीत वॉर्मरमधल्या बिघाडाकडे बोट दाखवलं गेलं. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांची नोकरी गेली, पुढे दोघींवर गुन्हाही दाखल झाला. राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. आमच्याकडे लाल नळकांडी आली. ती कशी वापरायची हे दाखवायला आलेला मुलगा अर्ध्या तासात गेला.

आया आत असत्या तर ती दहा बाळं वाचलीच असती असं मी म्हणणार नाही. धुरात त्याही गुदमरल्या असत्या, कोण जाणे. पण धुराचा पहिला वास कुणाला तरी आला असता. आणि सुटकेचा रस्ता बांधताना आत बायका राहतात हे कुणीतरी ध्यानात घेतलं असतं. बाळांसाठी खोली बांधणाऱ्याला ती गरज वाटत नाही. बाळं काय, पळून थोडीच जाणार.

झाशीला नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा तेच. अठरा खाटांच्या कक्षात त्या रात्री 49 बाळं होती असं बातम्यांत होतं. नांदेडला 2023 च्या ऑक्टोबरच्या तोंडावर चोवीस तासांत 24 मृत्यू, त्यात 12 नवजात. तेव्हा एका खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह धुवायला लावलं आणि त्याचा व्हिडिओ महाराष्ट्राने पाहिला. स्वच्छतागृह घाण होतं हे खरंच असेल. पण त्या खाली वाकलेल्या डॉक्टरांकडे बघताना मला प्रश्न पडला, की या बारा बाळांच्या आयांना तरी रात्रीचं स्वच्छतागृह कोणतं होतं?

कारण ही गोष्ट कुणाच्या यादीतच नाही. साधं बाळंतपण असेल तर जननी-शिशु योजनेत आईला रुग्णालयाचं जेवण तीन दिवस, सिझर असेल तर सात. मग तिला डिस्चार्ज. बाळ मात्र आत, कधी पंधरा दिवस, कधी महिना. कागदोपत्री ती आता रुग्ण नाही आणि नातेवाईकही धड नाही. ओली बाळंतीण आमच्या जिन्याखाली सतरंजी टाकून झोपायची. टाके ओले, अंगावरून जाणं सुरू, प्यायला गरम पाणी नाही. गावाकडून कुणी भाकरी आणली तर खायची. आणि आम्ही दर दोन तासांनी तिला बजावत होतो, की दूध कमी का आणलंस.

मी स्वतः एका आजीला हाकललं होतं. तिने दारातून कडूलिंबाची डहाळी आणि एक टोपडं आत सरकवलं. मी सगळ्यांसमोर बोलले, ‘इथे हे चालत नाही, तुमच्या अशा वागण्यानेच लेकरं दगावतात.’ डहाळी मी फेकली ते ठीक. टोपडं का फेकलं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. कमी वजनाच्या बाळाची बरीच ऊब डोक्यातून जाते हे मी विद्यार्थिनींना फळ्यावर लिहून शिकवत होते.

आता आईला आत घ्या म्हटलं की दोन प्रकारची माणसं पुढे येतात. एक म्हणतात, गर्दी होईल, मोबाईल वाजतील, सासू-नणंदा घुसतील. होईल थोडं. गाऊन, चपला बाहेर, हात धुणं, एका बाळामागे एक बाई, एवढे नियम शिकवता येतात. एसटीच्या रांगेत उभं राहायला आपण लोकांना शिकवलंच की. दुसऱ्या प्रकारच्या माणसांची मला जास्त भीती वाटते. ती लगेच ‘हो’ म्हणतात. एका बैठकीत एक साहेब खुशीत येऊन म्हणाले होते, ‘वा, म्हणजे आया बसल्या की स्टाफची मागणी कमी होईल.’ नाही होणार. बाळंतीण काही बिनपगारी सिस्टर नाही. तिचा स्वतःचा ताप, रक्तदाब, टाके बघायला त्या खोलीत आणखी माणूस लागतो. छातीवर बाळ कसं धरायचं, मान कशी ठेवायची, श्वास थांबला तर टिचकी कुठे मारायची, हे पहिले दोन दिवस कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं. श्वासाला मदत करणाऱ्या सीपॅप यंत्रावरचं बाळ आईच्या अंगावर द्यायचं तर नळ्यांसकट उचलायला दोघीजणी लागतात. आईला आत घ्यायचं असेल तर आधी सिस्टर भरा, खाट द्या, संडास-मोरी द्या, तिचं जेवण बाळ घरी जाईपर्यंत चालू ठेवा. या चार गोष्टींतली शेवटची तर एका सहीची आहे.

गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेले होते. जवळच रुग्णालय, म्हणून डोकावले. माझ्या वेळच्या एका मुलीकडे आता चार्ज आहे. एसएनसीयूला लागून नवीन पाटी दिसली: माता व नवजात शिशू कक्ष. मला केवढं बरं वाटलं. आत सहा खाटा, खाटांवर प्लास्टिक तसंच, आणि प्लास्टिकवर सलाइनची खोकी रचलेली.

‘अगं, आया कुठायत?’

‘ताई, आज रात्रीला दोघीच आहोत, बाळं बावीस. आया आत घेतल्या तर त्यांच्याकडे कोण बघणार?’ ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘कुलूप उघडंय म्हणून दिसलं तुम्हाला. नाही तर किल्ली स्टोअरवाल्यांकडे असते, आणि ते दोन वाजता जातात.’

बाहेर पायरीवर पाच-सहाजणी बसल्या होत्या. एकीने पदराखालची वाटी पुढे केली. तिला वाटलं, मी आतलीच.